गाडीतल्या जुन्या नेव्हिगेशनचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलायचंय, सेफ रस्ता सांगा

केळीवाला_रावेर:
आमच्या केळीच्या गाडीत जुनं नेव्हिगेशन आहे, आत लिनक्स आहे, नकाशे येणं कधीच बंद झालंय आणि दिल्ली साइडला जाताना नवीन बायपासवर गाडी शेतातून चाललीय असं दाखवतं. नॅव्हिट (रस्ता दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी बनवलेला खुला नकाशा) चालवायचाय. एसडी कार्डचा स्लॉट आहे, यूएसबीनं लॅपटॉपला जोडलं की टेलनेटनं (लॅपटॉपवरून त्याला कमांड द्यायची सोय) रूट, म्हणजे सगळे अधिकार, मिळतात. सेम मॉडेलचं तयार फर्मवेअर एका साइटवर सापडलंय, डायरेक्ट मारू का?

भुसावळकर:
थांब भो, काहीच मारू नको. त्याच मॉडेलच्या नावाखाली आतली फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची मेमरी) न् स्क्रीन वेगळी निघते, आधी बोर्डावरचा रिव्हिजन नंबर जुळव. प्रॉकमधली एमटीडी फाइल (/proc/mtd) उघड, सगळी पार्टिशनं (फ्लॅशचे भाग) तिथं दिसतील, एकेकाचा डंप (जशीच्या तशी कॉपी) कार्डावर घे. नँड फ्लॅश असेल तर साधी डीडी ही कॉपीची कमांड नको, बॅड ब्लॉक (मेमरीतली खराब जागा) आला की घोळ होतो, नँडडंप ही कमांड वापर. दोनदा घेऊन दोन्ही कॉप्यांचा एमडी5 (फाइलवरून निघणारा ओळख-आकडा) जुळव, फक्त चालू रूट पार्टिशन रीड-ओन्ली केल्याशिवाय जुळणार नाही तर तिथं घाबरू नको. एखादं बारकं पार्टिशन फालतू वाटेल पण टचचं कॅलिब्रेशन न् सिरीयल नंबर बऱ्याचदा त्यातच असतो, ते दुसऱ्याच्या मशीनमधून आणून चालत नाही.

केळीवाला_रावेर:
डंप घेतले दादा. बोर्डाच्या कोपऱ्यात चार बारीक पॅड दिसताय, ते काय?

धुळ्याचा_लिनक्सवाला:
बहुतेक सिरीयल कन्सोल, म्हणजे वायरी जोडून मशीनला थेट कमांड द्यायची जागा. मीटर लावून बघ, 3.3 व्होल्ट असेल तर यूएसबी-टीटीएल अ‍ॅडॉप्टर घे, ग्राउंड, टीएक्स, आरएक्स तीनच वायरी जोड, पॉवरची सोड. जुन्या कॉम्प्युटरच्या 9 पिनी पोर्टला थेट लावलं तर चिप गेलीच समज. स्पीड आधी 115200 ठेवून बघ. बूट होताना कळ दाबून यू-बूटचा (मशीन सुरू करणारा बूटलोडर) प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाकायची ओळ, आला तर नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) कार्डावरून रॅममध्ये घेऊन तिथूनच चालव, फ्लॅशला हातच लागत नाही, नाही जमलं तर बंद-चालू कर, जुनंच येतं. स्क्रीन, टच, जीपीएस तिन्ही चालल्याशिवाय फ्लॅशवर काही लिहायचं नाही. जीपीएस घरात बसून नको तपासू, गच्चीवर जा. आणि खरं सांगू का, सगळं नीट चाललं तरी मी पूर्ण फ्लॅश करणार नाही, यू-बूटमधली बूटची कमांड तेवढी बदलून कार्डावरूनच चालवीन.

चाळीसगावकर:
लिहायचंच असेल तर बॅटरी फुल करून घरी लिही, गाडीच्या लायटरवर नको, कोणी स्टार्टर मारला की व्होल्टेज पडतं. बूटलोडरच्या पार्टिशनला तर हातच लावू नको, तो गेला की कन्सोलही मुका होतो, मग जेटॅगवाला (बोर्डावरच्या खास पिनांतून थेट चिपमध्ये लिहिणारा) शोधत फिर.

केळीवाला_रावेर:
प्रॉम्प्ट आला! काउंटडाउन एकच सेकंदाचा होता, स्पेसबार आधीच दाबून धरला तेव्हा जमलं. कर्नल रॅममधून उठला पण स्क्रीन पांढरी आहे, आता काय बघू?

धुळ्याचा_लिनक्सवाला:
स्क्रीनचं टायमिंग वेगळं असेल. जुन्या कर्नलचा पूर्ण बूट लॉग इथं टाक.