बोटी कशाला, एनडीआरएफ आहे की!

पंचगंगाकाठ: काल इथं एकानं लिहिलं, ‘गावागावांत बोटी, लाइफ जॅकेट वाटणं म्हणजे पैशाचा चुराडा, एनडीआरएफ आहे की!’ डोकंच फिरलं. २०१९ च्या पुरात कोल्हापूरला शिरोलीजवळ हायवे बंद, आतले रस्ते पाण्यात. ते बचाव पथक येणार कुठनं? सुरुवातीला गावच गावाला काढतं. आमच्याकडं तालमीतल्या पोरांनी म्हातारी माणसं गूळ करायच्या मोठ्या काहिलीत बसवून काढली.

मिरजकर: आणि सांगलीकडचं ब्रह्मनाळ? ८ ऑगस्ट २०१९, त्याच पुरात. बोट गावचीच होती. जास्त माणसं बसली, उलटली.

पंचगंगाकाठ: म्हणून तर शिकवा म्हणतोय! बोटीत किती घ्यायचे, कुणाला थांबवायचं, हे जूनमध्येच ठरायला पाहिजे.

जुना_इंजिनिअर: पूररेषेत आरसीसी बंगले बांधायचे आणि वर बोटी मागायच्या. चिखली-आंबेवाडीला १९८९ च्या पुरानंतर सोनतळीत जागा दिल्या. किती जण कायमचे गेले?

शिरोळची_सून: साहेब, गोठा कुठं न्यायचा? जागा घरापुरती, रान इकडं. २०२१ च्या पुरात दावणीची म्हस सोडून निघायला सासूबाई तयारच नव्हत्या. भोंगा वाजवून गेले, जनावरं कुठं बांधायची ते कुणी सांगितलं नाही. आधी छावणीची जागा ठरवा, माणसं मुकाट निघतील.

मिरजकर: हे सगळं वरवरचं. मूळ दुखणं कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण. ५१९ मीटरपर्यंत पाणी अडवून ही गत, कर्नाटकाला ५२४ करायचंय.

जुना_इंजिनिअर: आली अलमट्टी! २०१९ च्या पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीनं तिला दोषी धरलेलं नाही.

मिरजकर: समिती तेव्हा सांगलीत आयर्विन पुलावर उभी होती का? धोका पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर. आणि उतरायचं नाव नाही!

जुना_इंजिनिअर: पाणलोटात पाऊस किती झाला तो बघा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपसूक उघडतात, अलमट्टीला विचारून नाही.

मिरजकर: ज्या खात्याचं खाल्लं त्याचीच बाजू घेणार तुम्ही.

जुना_इंजिनिअर: पेन्शनवर यायचं काम नाही!

पंचगंगाकाठ: अलमट्टीचा वेगळा धागा काढा की राव. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे इथल्या शेंबड्या पोराला पाठ आहे. बोटीचं इंजिन कोण चालू करणार विचारलं तर अख्खी पंचायत एकमेकांकडं बघते.

शिरोळची_सून: बायकांनापण शिकवा. पुरुष तेव्हा बांधावर पाणी मोजत असतात.

जुना_इंजिनिअर: बरं बाई, घ्या बोटी. पेट्रोल कुणाच्या खर्चातनं ते मात्र आधी लिहून घ्या. नाहीतर बोट शेडमध्ये आणि किल्ली सरपंचाच्या मेव्हण्याकडं.

मिरजकर: ते ५२४ चं राहिलंच.