राज्य 'खालसा' झालं की 'विलीन'?

पाटीपेन्सिल:
हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिच्यावरच्या लेखाचं भाषांतर करते आहे. 1898 मध्ये अमेरिकेनं ती बेटं घेतली, तिथं मी 'राज्य खालसा केलं' लिहिलं. संपादकांनी 'राज्य विलीन झालं' करून परत पाठवलं. माझ्या कानाला विलीन म्हणजे आपखुशीनं. खालसा चालेल ना? आणि त्याआधी, 17 जानेवारी 1893 ला तिला गादीवरून काढलं, त्याला काय म्हणायचं? 'उठाव' म्हटलं तर प्रजा उठली असं वाटतं.

जुनंदप्तर:
खालसा नको. खालसा करायला वर सार्वभौम आणि खाली मांडलिक लागतो. साताऱ्याची गादी 1848 मध्ये खालसा झाली ती डलहौसीनं दत्तक नामंजूर केला म्हणून. हवाईला ब्रिटन आणि फ्रान्सनं 1843 मध्येच स्वतंत्र राज्य मानलं होतं. आणि राणीला वारसही होती, भाची कैउलानी.

खारीबिस्किट:
काका, स्वतंत्र कागदावर. 1887 मध्ये तिच्या भावाकडून, राजा कालाकौआकडून, हत्यारी लोकांच्या धाकात राज्यघटनेवर सही घेतली. 'संगिनीची घटना' हेच नाव पडलंय तिला. राजाचे अधिकार गेले, आशियाई मजुरांना मत नाही, वरिष्ठ सभागृहाच्या मतदाराला मिळकतीची अट. बहिणीनं ती घटना बदलायला घेतली, तर तिचीच गादी गेली.

मांडवी:
विलीनीकरण शब्दाचं आम्हा गोव्याच्या लोकांना विचारा! 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण की संघप्रदेश, एवढाच प्रश्न होता. पण मत विचारलं तरी. हवाईत कोणी विचारलं? 1897 मध्ये विरोधाच्या अर्जावर 21,000 हून जास्त सह्या झाल्या, मूळ हवाईयन माणसं होती जेमतेम 40,000. सेनेटात तहाला दोनतृतीयांश मतं जमेनात, म्हणून साधा संयुक्त ठराव करून काम उरकलं. याला विलीन म्हणणारे संपादक थोर आहेत.

शब्दपारखी:
खालसा मुळात अरबी. 'सामिलीकरण' हा चांगला शब्द असताना परक्यांच्या दारी कशाला जायचं?

खारीबिस्किट:
सामील म्हणजे अरबी 'शामिल'च की हो. शेपटाला 'करण' लावलं म्हणून मुंज होत नाही.

शब्दपारखी:
रुळलेल्या शब्दांचं वेगळं असतं.

खारीबिस्किट:
आणि खालसा कालच्या विमानानं आला? मोल्सवर्थच्या कोशात आहे.

उसाचंकांडं:
आमच्या घरी 'इनाम खालसा झालं' हे आजोबांच्या तोंडून इतकं ऐकलंय की शब्दाला जमिनीचाच वास येतो. मूळ 'खालिसा' म्हणजे निर्भेळ. मोगलाईत थेट बादशाही खजिन्याकडे असलेल्या जमिनीला खालसा म्हणत. हवाईत झालं तेही हेच. 1848 च्या जमीनवाटणीत राजानं स्वतःच्या जमिनी वेगळ्या राखल्या, 1894 च्या गोऱ्यांच्या प्रजासत्ताकानं त्या सरकारी ठरवल्या, 1898 मध्ये बाकी सरकारी जमिनींसकट सुमारे 18 लाख एकर अमेरिकेकडे. राणीनं पुढे दावा लावला, 1910 मध्ये हरली. पाटीपेन्सिलताई, जमिनीपुरतं बिनधास्त खालसा लिहा. आणि तिथल्या मळेवाल्यांना 'साखरसम्राट' म्हणा, मजा येईल. 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्यानं त्यांच्या साखरेची सवलत मातीत गेली, अमेरिकेत शिरलं की साखर देशी ठरणार होती.

जुनंदप्तर:
साखरसम्राट म्हटलं की सहकारी कारखाना, चेअरमन आणि पांढरी टोपी दिसते. नको.

उसाचंकांडं:
टोपी सोडली तर फरक सांगा.

पाटीपेन्सिल:
1893 चं राहिलंच.

जुनंदप्तर:
'कट'. तेरा जणांची 'सुरक्षा समिती', अमेरिकेचा राजदूत स्टीव्हन्स त्यांना सामील, आदल्या दिवशी 'बोस्टन' जहाजावरून 160 च्या वर शिपाई किनाऱ्यावर.

मांडवी:
कट हा शिजतो, फसतो किंवा उघडकीला येतो. साधला की 'सत्तापालट'. 'शरणागती' मात्र कुठंही लिहू नका. आपण समितीपुढे नव्हे, अमेरिकेच्या वरचढ बळापुढे नमतो आहोत, असं राणीनं निषेधासह लिहून दिलं होतं. 1895 मध्ये कैदेत तिच्याकडून राजत्यागाच्या कागदावर सही घेतली तीसुद्धा 'लिलिउओकलानी डॉमिनिस' या नावानं. या नावाची व्यक्तीच कधी नव्हती, असं ती पुढे म्हणाली.

शब्दपारखी:
'परकीयांनी केलेला' हे विशेषण जोडावं.

खारीबिस्किट:
प्रजासत्ताकाचा अध्यक्ष सॅनफर्ड डोल होनोलुलूत जन्मला, मिशनऱ्याचा मुलगा. परकीय कसा? तिथले लोक 'हाओले' म्हणतात, त्यात गोरा आणि उपरा दोन्ही आलं. आपल्याकडचा 'फिरंगी' चालेल.

मांडवी:
फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. निदान आमच्याकडे.

पाटीपेन्सिल:
संपादकांचा आत्ताच फोन आला. त्यांना विलीन-खालसाचं काही नाही, 'हवाई सत्तापालट' या मथळ्यावर अडलेत. म्हणे विमानदलानं बंड केल्यासारखं वाटतं.

उसाचंकांडं:
मग 'हवाईतला' करा.

शब्दपारखी:
'हवाईमधला'. राज्य अनेक बेटांचं, 'हवाईतला' म्हटलं तर एका बेटापुरतं होतं.

जुनंदप्तर:
मुळात उच्चार 'हवाइ-ई' असा तुटक आहे. कालाकौआ 1881 मध्ये कलकत्त्याहून आगगाडीनं मुंबईला आला होता, तेव्हाच्या मराठी वृत्तपत्रांनी कसं छापलं ते कोणी पाहिलंय का?