स्नोमोबाइल: १९५९ ते आज नेमकं काय बदललं, आणि का?

ओढाताण:
नमस्कार मंडळी. गुलमर्ग-सोलांगला ज्याला सगळे 'स्नो स्कूटर' म्हणतात, त्या यंत्राबद्दल, म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा असलेल्या स्नोमोबाइलबद्दल विचारायचंय. जुन्या फोटोंत स्वार अगदी मागे, पाय पुढे ताणून आरामखुर्चीत बसल्यासारखा दिसतो. आजच्या गाडीवर तो जवळजवळ उभाच असतो. इंजिन मात्र अजून बहुतेक टू-स्ट्रोकच. आपल्याकडे टू-स्ट्रोक आरएक्स-१०० बाइक जाऊन जमाना झाला, मग यांचं कसं चालतं? सनावळ्या नकोत. कोणता बदल कशापायी झाला आणि त्यात काय बिघडतं, ते सांगा. आणखी एक: गुलमर्गला चढावर ही गाडी दम का टाकते?

पट्टेवाला:
सुरुवात पट्ट्यापासून. क्वेबेकमधल्या व्हॅलकूर गावच्या जोसेफ-आर्मंड बोंबार्डिएने १९३७ साली रबर चढवलेलं दातेरी चाक आणि पट्टा या जोडीचं पेटंट घेतलं. त्यावर बनलेली बी-७ म्हणजे सात माणसांची बर्फावरची बसच होती. १९४८ मध्ये क्वेबेक सरकारने रस्त्यांवरचा बर्फ काढणं बंधनकारक केलं आणि या बसचं गिऱ्हाईक आटलं. एक-दोघांची छोटी गाडी काढायची तर हलकं इंजिन आणि सलग, एकसंध रबरी पट्टा हवा. ते जमलं तेव्हा १९५९ ची स्की-डू आली. तिचं इंजिन कोहलरचं, ७ अश्वशक्तीचं आणि चक्क फोर-स्ट्रोक. (नाव 'स्की-डॉग' ठरलं होतं, छपाईत चुकलं, असं सांगतात.)

मिनेसोटातल्या रोझोला पोलारिसवाल्यांच्या पहिल्या गाड्यांत इंजिन मागे होतं. मागे वजन पडलं की भुसभुशीत बर्फात पट्टा रुततो, आणि पुढची स्की हलकी होऊन वळायला दाद देत नाही. त्यामुळे साठच्या दशकात सगळेच इंजिन पुढे घेऊन आले.

पट्ट्याच्या आत आधी स्प्रिंगवर बसवलेल्या छोट्या चाकांच्या जोड्या असत, त्यांना बोगी म्हणतात. चाक जिथे टेकेल तिथेच भार, मधला पट्टा ढिला. आर्क्टिक कॅट कंपनीने स्लाइड-रेल रुळवली: पट्ट्याच्या लांबीभर दोन रेल म्हणजे रूळ, त्यांच्या खाली टणक पॉलिथिलीनचा घसरता थर (स्लाइडर), आणि त्यावरून पट्ट्याच्या लोखंडी क्लिपा सरकतात. भार सारखा पसरतो, हादरे कमी होतात. मोबदला असा की या प्लॅस्टिकला वंगण आणि थंडावा फक्त उडणाऱ्या बर्फातून मिळतो. कडक बर्फावर किंवा उघड्या रस्त्यावर काही मिनिटं जोरात चालवली तर थर वितळतो, आणि गाडी उभी राहिली की निवून क्लिपांना चिकटतो. जळका वास आणि काळा भुगा ही त्याची खूण. उपाय दोन: रेलला स्क्रॅचर लावायचे, म्हणजे बर्फ खरवडून वर उडवणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्या, किंवा अधूनमधून कडेच्या सैल बर्फातून जायचं. या बाबतीत जुनी बोगी आजही सरस, हे कबूल करावं लागतं.

पट्ट्याचा ताण: मागचा भाग उचलून मधोमध मॅन्युअलमध्ये दिलेलं वजन टांगायचं आणि रेल ते पट्टा अंतर मोजायचं. बऱ्याच गाड्यांत ते २५ ते ४० मिमीच्या आसपास असतं, पण आपल्या मॉडेलचाच आकडा धरा. सैल असेल तर ब्रेक मारताना पट्टा दातांवरून खडखडत उडी मारतो. घट्ट असेल तर ताकद वाया जाते आणि स्लाइडर लवकर झिजतो. मग मागचा भाग हवेतच ठेवून पट्टा हळू फिरवायचा. तो डावीकडे सरकत असेल तर डावा बोल्ट आवळा, उजवा सोडा, पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नको. फिरत्या पट्ट्यामागे कुणी उभं राहायचं नाही.

जेट-सुई:
इंजिनाचं मी सांगतो. टू-स्ट्रोक टिकलं ते हलक्या वजनामुळे. सैल बर्फात पुढचा प्रत्येक किलो नडतो. यामाहाने २००३ ला आर-१ मोटारसायकलच्या इंजिनावर आधारलेली ९९८ सीसीची आरएक्स-१ काढली. मळलेल्या वाटेवर सुरेख, पण खोल बर्फात नाक खाली घालणारी. (२०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबाइल बंद, असं यामाहाने २०२३ मध्येच जाहीर केलं.) सत्तरच्या दशकात व्हँकेल इंजिनही (पिस्टनऐवजी फिरता रोटर) वापरून झालं, ते टिकलं नाही.

टू-स्ट्रोकची जुनी दुखणी दोन. पहिलं, थंडी. हवा जितकी गार तितकी दाट, म्हणून कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या छिद्रातून, येणारं पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं, पिस्टनचा माथा तापतो आणि इंजिन सीझ, म्हणजे जाम. शून्याला लावलेला मेन जेट उणे ३० ला तसाच ठेवला की पहिल्या लांब फुल-थ्रॉटललाच हिशेब चुकता होतो. टिलॉटसनचे डायफ्रॅमवाले कार्ब्युरेटर जाऊन सत्तरच्या दशकात मिकुनी आले, तेव्हा जेट बदलणं तरी सोपं झालं.

दुसरं, धूर. साध्या टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येतानाच काही भाग न जळता एक्झॉस्टमधून निघून जातो, पाव हिस्सा सहज. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००२ मध्ये नियम केले, ते २००६ च्या मॉडेलपासून लागू झाले. तिथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे: २००९ च्या स्की-डूमध्ये ई-टेक आलं. त्यात आधी नुसती हवा आत येते, आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, एक्झॉस्टचं तोंड बंद व्हायच्या सुमारास फवारलं जातं. मग निसटणार काय? तेलही पंपाने, लागेल तेवढंच. आरएक्स-१०० च्या काळात हे स्वस्तात शक्य नव्हतं.

आवाजाचंही तेच. अमेरिकेत १९७५ पासून फुल थ्रॉटलला ५० फुटांवर ७८ डेसिबल ही मर्यादा उद्योगाच्या प्रमाणपत्रात आली.

कूलिंगबद्दल एक इशारा. लिक्विड-कूल गाडीला समोर रेडिएटर नसतो. पट्ट्यावरच्या बोगद्याला, म्हणजे पट्टा झाकणाऱ्या आवरणाला, आतून चिकटलेली पोकळ पट्टी असते, तिच्यावर बर्फ उडून गार होते. म्हणजे पट्टेवाल्यांनी सांगितलेलं स्लाइडरचं आणि हिचं दुखणं एकच. निव्वळ कडक बर्फावर तापमानाचा दिवा लागला की आधी सैल बर्फ शोधा. कूलंट ओतून उपयोग नाही.

हिमरेषा:
बसण्याबद्दल कुणीच बोललं नाही. पानाच्या स्प्रिंगवर स्की असायची तोवर पुढचा भाग खडखडायचा, म्हणून माणूस मागे टेकून बसे. पोलारिसने १९८० च्या इंडी मॉडेलमध्ये दोन्ही स्कींना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. पुढचे धक्के शोषले जायला लागले आणि वेग वाढला, पण मग कळलं की मागे बसलेल्या माणसाला शेपूट वर फेकते, सगळा मार कमरेवर. गाडी ज्या बिंदूभोवती डोलते त्याच्या जवळ माणूस नेला तर तो मार कमी होतो. स्की-डूच्या २००३ च्या रेव्ह मॉडेलने तेच केलं: गुडघे पुढे, हँडल उंच, उठून उभं राहणं एका हालचालीत. रायडरचं वजन हेही सस्पेन्शनच, असं धरून बांधलेली गाडी. थोड्याच वर्षांत बाकीच्यांनी ती मांडणी उचलली.

ओढाताण:
आभार. गुलमर्गचं राहिलं.

जेट-सुई:
गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. तिथे हवा समुद्रसपाटीच्या पाऊणपट, म्हणून टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण पाऊणच. जेट सपाटीवरचाच असेल तर मिश्रण उलट जाड होतं, प्लग काळा पडतो. २०२० ला स्की-डूने कारखान्यातूनच टर्बो लावलेलं ८५० टू-स्ट्रोक आणलं ते याचसाठी, २,४४० मीटरपर्यंत १६५ अश्वशक्ती टिकवायला.

पण खरा दोष बहुधा क्लचचा. अ‍ॅक्टिव्हात असतात तशाच दोन पुल्या आणि बेल्ट. फरक इतका की इथे वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच नाही, पुढची पुली बेल्ट पकडते तेव्हाच गाडी सुटते. पुढच्या पुलीतली वजनं सपाटीच्या ताकदीला बसवलेली असतात. ताकद कमी पडली की तीच वजनं इंजिनला वर फिरू देत नाहीत, आणि चढावर ते गुदमरतं. मिनिटाला ८,००० फेऱ्यांना जोर देणारं इंजिन ७,३०० वर अडकलं तर आधी जेट नीट करा, मगच वजनं हलकी करा. दर वजनामागे एक ग्रॅम कमी केला की ढोबळमानाने शंभर फेरे वाढतात. बदलायची ती सगळी एकसारखी, नाहीतर पुली थरथरते.

पट्टेवाला:
त्याच बेल्टबद्दल: सकाळी पट्टा गोठलेला असताना थ्रॉटल देऊ नका. मागचा बंपर धरून उचला, सोडा, दोन-तीनदा. पट्टा सुटला की मग थोडा थोडा थ्रॉटल. नाहीतर पुली जागच्या जागी फिरून बेल्टवर एकाच ठिकाणी खाच जाळते. त्यानंतर गाडी सुटताना ठक-ठक आवाज येत असेल, तर ती खाचच. तो बेल्ट घासून दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.