मदत हवी आहे: पावसात जेडची पानं गळताहेत, खोड बुंध्याशी मऊ लागतंय

नमस्कार. आम्ही गुहागरला राहतो, समुद्र अगदी जवळ. पडवीत जेडच्या दोन कुंड्या आहेत. दोन्ही एकाच नर्सरीतून, जेड म्हणूनच घेतलेल्या. एकाची पानं मोठी, जाड, कडेला लालसर. दुसऱ्याची जेमतेम नखाएवढी आणि फांद्या तांबूस.

मोठ्या पानांचं झाड मेमध्ये सुरेख होतं. आगोट, म्हणजे पावसाची सुरुवात, लागली तसं मी त्याचं पाणी बंद केलं आणि कुंडी पागोळ्यांपासून आत सरकवली. तरी आता खालची पानं पिवळी पडून नुसत्या धक्क्याने गळताहेत. गळलेलं पान दाबलं की पाणी येतं. बुंध्याला बोट लावलं तर एका बाजूने मऊ, वरच्या फांद्या मात्र टणक. कुंडीत नर्सरीचंच मिश्रण आहे, कोकोपीट भरपूर असलेलं. ते वरून काळं पडलंय, शेवाळही धरलंय. छोट्या पानांचं झाड त्याच पडवीत छान आहे.

पाणी न घालता झाड कुजतं कसं? सुपारीवर फवारायला आणलेलं मोरचूद आणि चुना घरात आहे, त्याचं बोर्डो हे बुरशीनाशक करून मारू का? सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यांच्या खिडकीतून हेच झाड दिसतं. ते वाचावं असं फार वाटतं. कोकणातल्या पावसात ज्यांनी जेड टिकवलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, तुमच्याकडे दोन वेगळी झाडं आहेत. मोठ्या पानांचं ते क्रासुला ओवाटा, खरं जेड. नखाएवढ्या पानांचं ते पोर्टुलाकारिया आफ्रा. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत दोन्ही एकाच नावाने विकतात. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेकडची, पण पोर्टुलाकारिया जास्त सोशिक. तिकडे हत्ती ते ओरबाडून खातात आणि ते पुन्हा फुटतं. त्यामुळे एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

आता कुजण्याचं. क्रासुलाच्या पानांवरची छिद्रं दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात, पाणी वाचावं म्हणून. कोरड्या मुलखात याचा उपयोग होतो. आपल्याकडे आषाढात हवाच इतकी ओली असते की पानांतून बाष्प जवळजवळ जात नाही. झाड पाणी ओढत नाही आणि कुंडीतलं पाणी उडून जात नाही. कोकोपीट तर ते धरूनच ठेवतं. म्हणजे मेअखेर घातलेलं पाणीही मुळाशी अजून असू शकतं. मुळांना हवा मिळत नाही, मग बुरशी शिरते आणि मुळातून खोडात चढते.

बोर्डो मारू नका. सुपारीवर आपण ते कोळेरोग, म्हणजे फळं कुजण्याचा रोग, येऊ नये म्हणून पावसाआधी मारतो. खोडाच्या आत शिरलेल्या कुजीपर्यंत ते पोचणारच नाही.

बुंधा मऊ झाला असेल तर ते मूळ झाड सोडून द्या. टणक फांद्या आजच कापा, पाऊस संपायची वाट बघू नका. सुरी स्पिरिटने पुसून घ्या. काप नीट पाहा. आत कुठेही तपकिरी डाग किंवा गोल दिसला तर आणखी वर कापा, स्वच्छ हिरवट-पांढरं लागेपर्यंत, आणि दर कापाला सुरी पुन्हा पुसा. आंब्याच्या मोहोरावर भुरीसाठी वापरतात ते गंधक मिळालं तर कापावर चिमूटभर लावा. मग फांद्या वर्तमानपत्रावर आडव्या ठेवा, सावलीत, वारा लागेल अशा. पावसाळ्यात खपली धरायला वेळ लागतो. काप बोटाला लाकडासारखा कोरडा लागेपर्यंत मातीत खोचू नका.

मिश्रणात कोकोपीट नको. जांभ्याचे चिरे तासतात तिथे चुरा पडलेला असतो, तो चाळून हरभऱ्याएवढे खडे घ्या. बारीक पूड टाकून द्या, ती ओली झाली की चिखल होऊन बसते. त्यात भाताच्या तुसाचा कोळसा आणि थोडं जुनं शेणखत. किनाऱ्यावरची वाळू अजिबात नको, त्यात मीठ असतं. कुंडी मातीची, लहान, आणि खालची बशी काढून टाका.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. घरात मांजर असेल तर क्रासुला उंचावर ठेवा, ते पोटात गेलं तर मांजराला उलट्या होतात. फांद्या ठेवायच्या आधी पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसतंय का पाहा. तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज कापलं. पहिल्या कापात मधोमध तपकिरी गोल दिसला, दोन बोटं वर घेतल्यावर खोड स्वच्छ निघालं. चांगल्या फांद्या सासूबाईंच्या खोलीतल्या फडताळावर ठेवल्यात, तिथे पंखा चालू असतो. मांजर नाही. लावल्यावर पहिलं पाणी कधी घालू?

प्रतिसाद

लगेच नको. हवेतला ओलावा पुरतो. पानं जराशी सुरकुतली तरी घाबरू नका, झाड स्वतःच्या साठ्यावर जगतं. काही आठवड्यांनी फांदी अगदी हलकेच ओढून बघा. अडली तर मुळं धरली. मग तळाच्या भोकातून निघेपर्यंत एकदा पाणी घाला, आणि पुन्हा घालण्याआधी बांबूची काडी तळापर्यंत खुपसून काढा. काडीला ओल किंवा माती चिकटली तर थांबा. नवरात्रानंतर ऊन तापायला लागेल तेव्हा आधी सकाळचं कोवळं ऊन दाखवा. एकदम दुपारच्या उन्हात ठेवलं तर पानं करपतात. छोट्या पानांचं झाडही पुढच्या आगोटीआधी याच मिश्रणात बदलून घ्या.