मदत हवी आहे: मुधोळ कुत्री खाताना कुणाला जवळ येऊ देत नाही, घरात लहान मूल आहे (सोलापूर)

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. कुत्री पाळलेल्यांचा अनुभव हवा आहे, आणि जरा घाईचं आहे.

आमच्याकडे साधारण दोन वर्षांची मुधोळ मादी आहे, राणी. मंगळवेढ्याकडे मामेसासऱ्यांच्या शेतातल्या वस्तीवर ती वाढली. त्यांनी जनावरं विकली, शेत वाट्याने दिलं आणि मुलाकडे पुण्याला गेले. राणीला कुणाच्या भरवशावर सोडायचं म्हणून आम्ही तिला इथं घरी आणलं. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि आमचा चार वर्षांचा मुलगा.

एरवी फार गुणाची आहे. घरात घाण करत नाही, उगाच भुंकत नाही, मुलगा खेळत असला की शेजारी अंग टाकून पडते. पण ताटली खाली ठेवली की ती वेगळीच होते. आधी घास न चावता गिळायला लागते. कुणी जवळ गेलं की खाणं एकदम थांबतं, तोंड ताटलीतच राहतं, अंग ताठ होतं आणि फक्त डोळे कडेला वळतात, पांढरं दिसेपर्यंत. आणखी एक पाऊल टाकलं की घशातून गुरगुर सुरू. परवा मुलाच्या हातातून भाकरीचा तुकडा पडला. तो उचलायला वाकला, तर राणीनं त्याच्या हाताच्या रोखानं दात वाजवले. लागलं नाही, पण त्यावरून घरात रान उठलं.

सासूबाई म्हणतात, "लेकरू फिरालंय घरात, बांधून घाल की तिला." त्यांची भीती खोटी नाही. शेजारचे काका म्हणतात, गुरगुरली की तिथल्या तिथं एक रट्टा द्यायचा, पुन्हा करणार नाही. नवऱ्याचं म्हणणं, परत पाठवू. पण परत कुणाकडे? तिकडं आता कुणी राहत नाही.

मला तिला मारायचं नाही आणि दिवसभर साखळीलाही ठेवायचं नाही. पण मुलाच्या बाबतीत धोकाही पत्करणार नाही. ही सवय सुटते का? सुटत असेल तर रोज नेमकं काय करायचं? आणि तोवर घरात कसं वागायचं?

अजून एक, पण हे नंतरचं: फिरायला नेलं की मोटारसायकलीमागे झेपावते. माझा हात खांद्यातून निघेल असा हिसका बसतो.

माळढोक

ताई, सवय कमी होते. बऱ्याच कुत्र्यांत इतकी कमी होते की घरच्यांना आठवतही नाही. पण आजच्या आज एक गोष्ट करा. राणीचं खाणं दार लावून, वेगळ्या खोलीत. ताटली आत ठेवायची, दार ओढायचं, खाऊन झालं की तिला बाहेर घ्यायचं आणि मगच ताटली उचलायची. मुलाचं खाणं चालू असेल तेव्हाही ती दुसऱ्या खोलीत. खाली सांडलेलं मोठ्यांनी पुसून घेतल्यावरच तिला सोडा. हा इलाज नव्हे, पण इलाज होईपर्यंत कुणाला चावा बसणार नाही.

आता ती असं का करते ते. वस्तीवर चार कुत्र्यांना एकत्र भाकरी टाकतात. जो भराभर गिळेल आणि दुसऱ्याला अंगावर येऊ देणार नाही त्याचंच पोट भरतं. ती तेच शिकून आली आहे. तुमच्या घरात ताटलीला हात घालणारं कुणी नाही हे तिला अजून पटलेलं नाही. तेवढंच पटवायचं आहे.

गुरगुरण्याबद्दल कळकळीनं सांगतो: त्यासाठी कधीही मारू नका, ओरडूही नका. गुरगुर म्हणजे "मला भीती वाटतेय, लांब राहा" अशी सूचना. मारलं की कुत्रं सूचना देणं बंद करतं, भीती तशीच राहते. मग एक दिवस काही आवाज न करता थेट चावतं आणि लोक म्हणतात, "काही कारण नसताना चावलं हो." राणीनं हवेत दात वाजवले, हाताला लावले नाहीत. तिला लावायचे असते तर लागले असते, तेवढा वेग तिच्यात आहे. म्हणजे ती अजून सांगते आहे, आणि तुमच्याकडे वेळ आहे.

सातरस्ता

माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्याकडे जर्मन शेफर्ड होता. आम्ही लहानपणापासून त्याच्या ताटलीत हात घालायचो, मधेच ताटली उचलायचो, आधी आपण जेवायचं मग त्याला द्यायचं. घरात मुख्य कोण हे कुत्र्याला कळलंच पाहिजे. त्याचा कधी त्रास झाला नाही.

माळढोक

सातरस्ता, तुमचा शेफर्ड पिल्लापासून घरात वाढला आणि स्वभावानं शांत होता, म्हणून त्यानं ते चालवून घेतलं. राणी दोन वर्षांची आहे आणि तिला आधीच वाटतंय की अन्न हिसकावलं जाईल. तिच्या ताटलीत हात घालणं म्हणजे तिची शंका खरी करून दाखवणं.

"मुख्य कोण" हा विचार लांडग्यांवरून आला. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेतल्या लांडग्यांवर लिहिलं, त्यात वर्चस्वाच्या मारामाऱ्या होत्या. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती कल्पना जगभर पसरली. याच डेव्हिड मीच यांनी नंतर रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की तिथला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. शिवाय कुत्रा हा काही लांडगा नाही. त्यामुळे आधी कोण जेवलं यानं राणीला काही फरक पडत नाही. तिला फरक पडतो तो तुम्ही जवळ आल्यावर तिच्या अन्नाचं काय होतं यानं.

पशुवैद्य_बार्शी

चर्चा योग्य वाटेनं चालली आहे, माझी थोडी भर. शिकवायला घेण्याआधी तिची तपासणी करून घ्या. दात दुखत असतील, कानात संसर्ग असेल, किंवा शेतातून येताना गोचीड ताप घेऊन आली असेल, तर कुत्रं चिडचिडं होतं आणि ती चिडचिड अन्नाजवळ जास्त दिसते. वस्तीवरच्या कुत्र्यांत गोचीड आणि जंत नेहमीचे. पोटात जंत असले की भूकही वाढलेली दिसते. दुखणं बरं न करता नुसतं शिकवत बसलात तर हाती काही लागत नाही.

रेबीजची लस दिल्याची नोंद नसेल तर ती दिलेली नाही असं समजून द्या, आणि पुढे दरवर्षी. कधी मुलाला दात किंवा ओरखडा लागलाच, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम १५ मिनिटं धुवायची. हळद नाही, चुना नाही. आणि लगेच दवाखान्यात जायचं, कुत्रं घरचं असलं तरी. माणसांना द्यायची रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते.

साखळीचं तुम्ही स्वतःच नको म्हणालात ते बरं झालं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, आखूड किंवा जड साखळीनं जनावर विनाकारण ताटकळत बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, मुधोळसारखं पळण्यासाठी घडलेलं कुत्रं दिवसभर बांधलं की ते आणखी आक्रमक होतं.

जुळे_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच डॉक्टरांकडे नेऊन आणलं. गोचीड होतेच, रक्ताची तपासणी चांगली आली. एका दाढेजवळची हिरडी सुजली आहे, तिचं औषध चालू केलंय. खाणं आता मागच्या खोलीत, दार लावून. सासूबाईंनाही हे पटलं, त्या स्वतःच आठवणीनं दार ओढतात.

आता शिकवायचं कसं, ते जरा पायरी पायरीनं सांगाल का? बक्षीस म्हणून काय द्यायचं? घरात शेंगदाणे आणि मामांच्या शेतातले बेदाणे भरपूर आहेत.

माळढोक

बेदाणे अजिबात नकोत! द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा नेम नाही. आपल्या सोलापूर भागात घरोघरी बेदाणे असतात, मुलांच्या खिशातही असतात, म्हणून मुद्दाम ठासून सांगतो. कांदा-लसूणही नको, म्हणजे शेंगाचटणी लावलेली भाकरी बाद. बिनमिठाचं उकडलेलं चिकन घ्या, हाड काढून, नखाएवढे तुकडे करून. शिजवलेल्या हाडाच्या कपच्या होतात आणि त्या आतड्यात रुततात. एरवी तिला चिकन मिळत नसेल तर उत्तम, तेवढीच त्याची किंमत जास्त.

आता रीत. तिच्या ताटलीत रोजची भाकरी-दूध असं साधं खाणं ठेवा. तुम्ही एवढ्या लांब उभ्या राहा की तिचं अंग सैल असेल, शेपूट मोकळी असेल, खाण्याचा वेग बदलणार नाही. ते अंतर खोलीच्या दुसऱ्या टोकाचं असेल, तर तेच तुमचं पहिलं अंतर. तिथून सहज चालत जा, जाता जाता चिकनचा तुकडा ताटलीच्या बाजूला पडेल असा टाका आणि निघून जा. थांबायचं नाही, तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, हाक मारायची नाही. चार-पाचदा केलं की त्या दिवसापुरतं बस.

काही दिवसांनी तुम्ही दिसताच ती ताटलीतून मान वर करून "आता चिकन येणार" अशा नजरेनं बघायला लागेल. ही मान वर येणं फार महत्त्वाचं. ती दिसली की मगच एक पाऊल पुढं. कधी ती ताठ झाली किंवा भराभर गिळायला लागली, तर समजायचं आपण घाई केली. रागवायचं नाही, दुसऱ्या दिवशी दोन पावलं मागून सुरू करायचं. तुमच्याशी जमलं म्हणजे नवऱ्याशी आपोआप जमेल असं नाही. प्रत्येक माणसानं लांबच्या अंतरापासून पुन्हा करायचं. आणि मुलानं हे करायचं नाही, कितीही छान चाललं असलं तरी.

याच्या जोडीला "सोड" शिकवा. तिच्या तोंडात जुनं चेंडू-दोरीसारखं फार प्रिय नसलेलं काही असताना नाकाजवळ चिकन धरायचं, तोंड उघडलं की "सोड" म्हणून चिकन द्यायचं आणि वस्तू *परत तिलाच* द्यायची. ही शेवटची गोष्ट लोक करत नाहीत. सोडलं तर दुप्पट मिळतं, हे तिच्या मनात बसलं की हिसकावण्याची गरजच राहत नाही.

पशुवैद्य_बार्शी

मुलालाही त्याच्या परीनं शिकवा. राणी खाताना, झोपलेली असताना आणि तोंडात काही असताना तिच्याकडे जायचं नाही. आणि मोठं माणूस खोलीत नसेल तर दोघांना एकत्र सोडू नका. चार वर्षांचं मूल सांगितलेलं विसरतं, त्यात त्याचा दोष नाही. दारात तात्पुरती जाळीची फळी बसवता आली तर फार बरं.

जुळे_सोलापूर

बरेच दिवसांनी लिहितेय, पण राणीशी रोज चालू होतं. सुरुवातीला मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी असले तरी ती ताठ व्हायची. आता मी ताटलीपासून हातभर अंतरावर जाते आणि ती मान वर करून शेपूट हलवते. परवा पहिल्यांदा माझ्या पायाशी तिनं निवांत चावून चावून भाकरी खाल्ली. गिळण्याची ती घाईच नव्हती. मी तिथं उभी राहून रडले अक्षरशः. नवऱ्याचं अजून खोलीच्या मध्यावर आलंय. हिरडीची सूज गेली, त्याचाही फरक वाटतो.

जुनी चादर जेवणघराच्या कोपऱ्यात टाकून "जागेवर" शिकवलंय. आम्ही जेवायला बसलो की तिथं जाऊन बसते, मधूनमधून तिला तिथंच तुकडा मिळतो. मूल जेवत असताना मात्र दार बंदच ठेवतो.

आता मोटारसायकलींचं सांगाल का? आणि मे महिन्यात नणंदेची मुलं राहायला येणार आहेत, तेव्हा काय करू?

माळढोक

फार आनंद झाला वाचून. तुमच्या हातून नीट काम झालंय.

मोटारसायकलीमागे धावणं हा तिच्या रक्तातला भाग आहे. मुधोळ ही नजरेनं सावज हेरून पळत गाठणारी जात, सशामागे लावायची. हलणारं दिसलं की पाय आपोआप निघतात. इथंही अंतरच कामाला येतं. रहदारीच्या रस्त्यापासून इतक्या लांब उभ्या राहा की ती गाडी बघेल पण झेपावणार नाही. गाडी दिसली की लगेच चिकन, गाडी गेली की चिकन बंद. हळूहळू गाडी दिसताच ती तुमच्याकडे वळून बघेल. मग अंतर कमी करत यायचं.

पट्ट्याकडे आज बघाच. मुधोळचं डोकं निमुळतं आणि मान जाड, त्यामुळे साधा पट्टा मागं ओढला गेला की कानावरून निसटतो आणि कुत्रं थेट गाडीखाली. छातीवरून येणारा पट्टा घ्या, त्यानं तुमच्या खांद्याचा हिसकाही कमी होईल. रोज एकदा कुंपण घातलेल्या मोकळ्या जागी लांब दोरीवर मनसोक्त पळू द्या. दमलेलं मुधोळ घरात गायीसारखं असतं. फक्त आता उन्हाळा तोंडावर आहे. आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. फिरणं सूर्य वर यायच्या आत उरकायचं. संध्याकाळी डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघायची. सात-आठ सेकंद ठेववत नसेल तर तिचे तळवेही भाजणार.

पाहुणी मुलं आली की नवं काही शिकवायचं नाही. तेवढे दिवस पुन्हा पहिल्या दिवसासारखं: खाणं दार लावून, मुलांच्या हातात खाऊ असला की राणी आत. मुलं गेल्यावर अंतर दोन-चार पावलांनी वाढलेलं दिसेल. घाबरू नका, या वेळी ते लवकर भरून निघतं.

जुळे_सोलापूर

समजलं. सुताराला जाळीच्या दाराचं माप दिलंय, मुलं यायच्या आत बसेल. नणंदेला फोन करून मुलांना काय सांगून ठेवायचं तेही सांगितलं, बेदाण्यांचं पण. छातीचा पट्टा आज संध्याकाळी आणते.