‘बारोमास’ वाचून ज्यांचा रविवार वाया गेला त्यांना

ऐरोलीतला वऱ्हाडी :
परवा इथे घोडबंदरकरांनी लिहिलं की सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ कादंबरी निम्म्यात ठेवून दिली. ‘नापिकी, कर्ज, घरात भांडणं, पुन्हा नापिकी. साहित्य अकादमी मिळालेली म्हणून घेतली, रविवार वाया गेला. गावात सकारात्मक काही घडतच नाही का?’ खाली अंगठ्यांचा पाऊस. गप्प बसणार होतो, पण जमलं नाही.

साहेब, कापूस पिकवणाऱ्या घरात वाढलोय मी. एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा, ही १९७२ला आली, व्यापाऱ्याच्या काट्यातून सुटलो म्हणून आजोबा खूश होते. चुकारे, म्हणजे मालाचे पैसे, मात्र हप्त्याहप्त्याने. पेरणी कोणाच्या हप्त्यासाठी थांबते? एकदा वडिलांसोबत कापूस खरेदी करणाऱ्या फेडरेशनच्या रांगेत बैलगाडीत बसलो होतो. ग्रेडरने गाडीत हात घालून खालचा कापूस ओढला, दोन चिमटीत ताणला, म्हणाला, ‘फरदड दिसते,’ म्हणजे हंगाम सरल्यावरचा हलका कापूस. प्रत खाली. वडिलांनी खिशातून सुपारी काढून त्याला दिली. त्याने ती खाल्ली आणि प्रत तीच ठेवली. यात सकारात्मक काय लिहायचं? सुपारी चांगली होती हे?

आणि ही नापिकीची कादंबरी आहे हेच मुळात चूक. नायक एकनाथ शिकलेला, पण संस्थाचालकाला द्यायला पैसे नाहीत म्हणून नोकरी नाही. धाकटा मधू म्हणतो, जमीन विका आणि मला चिकटवा. शिक्षण, नोकरी आणि वावर यांच्यात ते घर पिळून निघतं. पुस्तक २००२चं, कर्जमाफी झाली २००८ला. देशमुखांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तुम्ही निम्म्यात मिटलं.

घोडबंदरकर :
आलात अंगावर! मी काय वरळी सी-फेसवर जन्मलो नाही. आमचं मूळ गाव जुन्नर तालुक्यात. आतेभाऊ नारायणगावला टोमॅटो घालतो. भाव लागला त्या वर्षी गाडी घेतली, पुढच्या वर्षी माल रस्त्यावर ओतला, तरी रडत बसला नाही. त्याच्यावर कादंबरी का नाही? कारण गाडी घेतलेला शेतकरी परीक्षकांना शेतकरी वाटत नाही. आपल्याकडे ग्रामीण म्हटलं की रडकं हा साचाच झालाय.

शिवाय वाचतो कोण? ठाण्यात आपण. हळहळतो, पोस्ट टाकतो, आणि कांदा साठावर गेला की सोसायटीच्या ग्रुपवर बोंब मारतो. हळहळ फुकट आहे हो.

ऐरोलीतला वऱ्हाडी :
माल रस्त्यावर ओतला हे तुम्हीच लिहिलंय, मी नाही. ती कादंबरीच झाली की! कांद्याचं मात्र नाइलाजाने मान्य. आमच्या ग्रुपवर बोंब मारणाऱ्यांत आमची सौ. पहिली असते.

गाळा वाशी :
कांद्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. तुमच्या या थोर ग्रामीण साहित्यात आडतदार, म्हणजे कमिशनवर शेतकऱ्याचा माल विकणारा, आला की त्याला ढेरी आणि गळ्यात साखळी हवीच. आम्ही रात्री दोनला गाळ्यावर असतो. आमच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन गेलेला माणूस पुढच्या हंगामात दुसऱ्याकडे माल उतरवतो, ते कोण लिहिणार? २०१६ला भाजीपाला नियमनमुक्त केला, बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक दिली, तेव्हा सगळे म्हणाले, आता दलाल संपले. माल अजून येतोय ना वाशीत? का येतो ते विचारा.

खाडीकाठचा आगरी :
वाचत होतो निवांत, पण आता राहवत नाही. खेडं म्हटलं की तुम्हाला बुलढाणा, यवतमाळ, फार तर जुन्नर. वऱ्हाडी भाऊ, ऐरोलीत तुम्ही राहता त्या पट्ट्यात आमची भातखाचरं होती, मिठागरं होती, कोलंबी धरायची माणसं. १९७०ला नवी मुंबई वसवायला सरकारची सिडको आली, जमिनी गेल्या. जानेवारी १९८४मध्ये दास्तान फाट्यावर आणि पागोट्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. जमिनी गेलेल्यांचे पुढारी दि. बा. पाटील, त्यांच्या मागे लोक उगाच नव्हते. नंतर गेलेल्या जमिनीचे साडेबारा टक्के भूखंड म्हणून पदरात पडले, त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी कापून हातात पावणेनऊ. तेही मिळवायला माझ्या चुलत्याच्या चपला झिजल्या, फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. वारस वाढत गेले, भूखंड तेवढाच. तुमच्या एकनाथाकडे विकायला जमीन तरी होती. आम्हाला कोणी विचारलंच नाही.

घोडबंदरकर :
सहानुभूती आहे. पण त्याच भूखंडांवर टॉवर झाले, भाडी आली, हेही सांगा. गावठाणात एकावर एक मजले चढवताना कुठली कादंबरी आठवत होती?

खाडीकाठचा आगरी :
वाटच बघत होतो याची. गावठाण विस्तार वेळेवर केला असता तर पोरांनी घरं कुठे बांधली असती? हवेत? तुम्ही फ्लॅट घेतला की गुंतवणूक, आम्ही बापाच्या जागेवर मजला चढवला की अतिक्रमण. आणि घोडबंदर रोड काय आभाळातून पडला? तिथेही कोणाची तरी वावरं, कोणाचे तरी पाडे होते. जाऊन बघा एकदा, येऊरच्या खालच्या अंगाला.

घोडबंदरकर :
रीतसर कर्ज काढून, स्टॅम्प ड्युटी भरून घर घेतलंय. मला गुन्हेगार ठरवू नका.

गाळा वाशी :
मार्केटची जागाही घ्या यादीत, म्हणजे सगळेच चोर.

ऐरोलीतला वऱ्हाडी :
अहो मंडळी, धागा कादंबरीचा होता बापा! दादा, तुमचं खरं आहे, पण त्यासाठी एकनाथाला काहून झोडपता? त्याने नाही घेतली तुमची खाचरं.

खाडीकाठचा आगरी :
त्याने नाही घेतली. तुम्ही राहताय त्यांच्यावर.

माथाड्याची लेक, कोपरखैरणे :
सगळे बापे सातबाऱ्यावर भांडताय, अलकाचं नाव कोणी काढलं का? एकनाथाची बायको. मी ज्यांना ज्यांना पुस्तक दिलं, त्या प्रत्येक पुरुषाने तिला शिव्या घातल्या. शहरातली, नखरेल, नवऱ्याला साथ नाही. का द्यावी? शिकलेला नवरा, नोकरी लागेल, हे सांगूनच लग्न झालं ना?

माझे वडील जावळीतून आले, वाशीत ओझी वाहिली. रिटायर झाल्यावर गावाकडे राहायला जाऊ म्हणतात, डोळ्यांत पाणी आणून. आई म्हणते, ‘तुम्ही जा, डबा लावा.’ तिला गाव म्हणजे डोक्यावर दोन हंडे आणि खाली उतरणीची निसरडी वाट. तिच्यासाठी कोपरखैरणेतला नळ हीच सकारात्मक कादंबरी आहे. मला ‘बारोमास’ आवडली, दोनदा वाचली, तरी लेखकाचा जीव एकनाथात अडकलाय असं वाटतं. अलकाच्या वाट्याला नुसती चिडचिड आली. ती आतून दिसली असती तर पुस्तक आणखी काळंकुट्ट झालं असतं, घोडबंदरकर काका पहिल्याच प्रकरणात पळाले असते.

ऐरोलीतला वऱ्हाडी :
ताई, पूर्ण पटत नाही. घरातल्या भांडणांत अलका जे सुनावते त्याला एकनाथाकडे उत्तर नसतं, आणि ते लेखकाला ठाऊक आहे. पण पुरुष वाचक तिला शिव्या घालतात हे खरं. पहिल्या वाचनात मीही घातल्या होत्या. पंचवीस वर्षांचा होतो, सोडा.

घोडबंदरकर :
आता काका पण झालो. ठीक आहे, उरलेली निम्मी वाचतो. प्रत ग्रंथसंग्रहालयाची आहे, मुदत उलटून गेलीय, दंड ऐरोलीकडून वसूल करेन. मत बदलेल ही अपेक्षा ठेवू नका. आणि आतेभावाची कादंबरी मला अजून हवीच आहे.

खाडीकाठचा आगरी :
मिठागरांची पण लिहा कोणीतरी. माहिती मी देतो, कागदपत्रं चुलत्याकडे पोतंभर आहेत.

गाळा वाशी :
आणि आडतदाराची बाजू?

माथाड्याची लेक, कोपरखैरणे :
ती तुम्हीच लिहा, काका. मानधनातून आडत आम्ही कापून घेऊ, हमाली वेगळी.