मॉरिस मेळाव्याला जाऊन आली
(सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

बी-३०४ : नमस्कार मंडळी, जुन्या गाड्यांच्या मेळाव्याहून आत्ताच घरी पोहोचलो. काल पहाटे गेटपाशी गाडी दोनदा बंद पडली, त्या आवाजाने कुणाची झोपमोड झाली असेल तर मनापासून माफी. चोक ओढल्यावर इंजिन तापेपर्यंत थांबायला हवं होतं, मीच घाई केली. जाऊन-येऊन ३४० किलोमीटर झाले आणि माझी जुनी मॉरिस मायनर गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली. फोटो टाकतोय, जरा जास्त आहेत.

ए-१०२ : झोपमोड कसली रे, मी खिडकीतून बघत होतो. पण एवढ्या जुन्या गाडीने एवढं लांब जायचा धीर कसा होतो तुला? तिथे नुसती उभीच करायची होती ना, मग ट्रेलरवर चढवून न्यायची.

बी-३०४ : काका, सगळ्यात जास्त नुकसान उभं राहण्यानेच होतं. गेले चार महिने मला वेळ झाला नाही, गाडी कव्हरखाली होती, आणि त्याचा हिशोब वाटेत चुकता झाला. साठेक किलोमीटरवर एका चढाला इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद. हिचा पेट्रोल पंप विजेवर चालतो. किल्ली फिरवली की बॉनेटखालून टक-टक-टक आवाज येतो, कार्बोरेटर भरला की तो थांबतो. काल किल्ली फिरवली तर अगदी शांत. पंपाचे पॉइंट, म्हणजे आतले वीज जोडणारे टोक, न वापरल्यामुळे काळे पडले होते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पंपावर हलकेच दोनदा ठोकलं आणि टक-टक सुरू! मेळाव्यात पोहोचल्यावर टोपण काढून पॉइंट नीट घासले, येताना काही त्रास नाही. दर आठवड्याला अर्धा तास चालवली असती तर हे झालंच नसतं.

सी-५०१ : दादा, तिसऱ्या फोटोत बॉनेटवर मधोमध एक सपाट पट्टी दिसतेय, पुढून मागपर्यंत. आमच्या मुलाने विचारलं की ती कशाला?

बी-३०४ : त्याला शाबासकी द्या ताई, मोठी माणसंही ती पट्टी बघत नाहीत. मॉरिस मायनर १९४८ साली आली. आराखडा अ‍ॅलेक इसिगोनिस यांचा. गाडी जवळजवळ तयार झाल्यावर त्यांना ती अरुंद वाटायला लागली. मग नमुन्याची गाडी उभी मधोमध कापली, दोन अर्धे सरकवून बघितले आणि चार इंच वाढवायचं ठरलं. ते चार इंच बॉनेटवर त्या पट्टीच्या रूपात राहिले. त्याला म्हणावं, रविवारी खाली ये, पट्टीवर हात फिरवून बघ. पट्टीची कड बोटाला लागते.

याच माणसाने पुढे १९५९ मध्ये मिनी ही छोटी गाडी केली, इंजिन आडवं बसवून. मेळाव्यात मिनी आणि मायनर शेजारी-शेजारी उभ्या होत्या. एकाच डोक्यातून निघालेल्या दोन गाड्या, आणि दोघींची तऱ्हा किती निराळी! मी तिथेच बराच वेळ घुटमळलो.

सी-५०१ : नक्की येतो. आणि व्हिंटेज, क्लासिक यात फरक काय? तुम्ही दोन्ही शब्द वापरता.

बी-३०४ : जाणकार लोक व्हिंटेज म्हणतात ते साधारण १९१९ ते १९३० च्या गाड्यांना. त्यानंतरच्यांना ढोबळमानाने क्लासिक. आमची मॉरिस व्हिंटेज नाही, बोलताना जीभ घसरते. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेचा, फिवाचा, निकष वेगळा आहे : किमान ३० वर्षं जुनी, मूळ रूपात जपलेली आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी न वापरलेली.

ए-१०२ : बाकी काय काय होतं ते सांग की. आम्हाला काय फोटोतून कळणार!

बी-३०४ : काका, फोर्ड मॉडेल टी होती! १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी बनल्या. मालकाने मला शेजारी बसवून चालवून दाखवली. पायाशी तीन पेडल, पण आपल्या गाडीतलं काहीच तिथे लागू नाही. डावं पूर्ण दाबलं की पहिला गिअर, सोडलं की दुसरा, अर्धवट धरलं की न्यूट्रल. मधलं पेडल रिव्हर्सचं. उजवं, जिथे आपला पाय वेगासाठी जातो, ते ब्रेकचं! वेगाची दांडी स्टिअरिंगखाली, हाताने ओढायची. मला ती गाडी द्याल तर मी गेटपर्यंतही नेऊ शकणार नाही. ते गृहस्थ ती हाताला सवय असल्यासारखी, बोलत बोलत चालवत होते.

आणि सिट्रोएन डीएस. १९५५ ची रचना. बंद असताना जमिनीला टेकल्यासारखी बसलेली असते. इंजिन सुरू केलं की आधी मागची बाजू उठते, मग पुढची. स्प्रिंगऐवजी दाबाखालचं तेल आणि वायू. भोवती वीस माणसं उभी होती आणि गाडी उठेपर्यंत कुणी बोललं नाही.

पण मन अडकलं ते कोपऱ्यातल्या एका फोक्सवॅगन बीटलमध्ये. रंग उडालेला, दाराच्या कडेला मूळ पत्रा दिसतोय, सीटचं कापड विरलेलं. मालकाने मुद्दाम काही बदललेलं नाही, फक्त इंजिन आणि ब्रेक चोख. शेजारच्या चकचकीत गाड्यांपेक्षा मला ती खरी वाटली. रंग पुन्हा कधीही देता येतो, पण कारखान्यातून आलेला रंग एकदा खरवडला की संपला.

डी-२०१ : तुमचं सगळं वाचतेय. एक विचारू का? ह्यांची फियाट ११०० सात वर्षं कव्हरखाली आहे. परवा एक जण भंगारात देता का म्हणून विचारून गेला. जागाही अडते, म्हणून मी हो म्हणणार होते.

बी-३०४ : काकू, अजून कळवलं नाहीत ना? कृपा करून थोडे दिवस थांबा.

ए-४०३ : सेक्रेटरी म्हणून सांगतो, काकू, जागेची चिंता करू नका. तो स्लॉट तुमच्या फ्लॅटचा आहे. गाडी चालू असो वा बंद, कुणी काही म्हणणार नाही.

डी-२०१ : पण आता ती सुरू तरी होईल का?

बी-३०४ : बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण तोवर एक करा. बॅटरी लावून किल्ली फिरवून बघतो असं कुणीही म्हटलं तरी फिरवू देऊ नका. सात वर्षांत सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असू शकतात. स्टार्टरने जोर लावला तर आतून ओरखडे पडतात. आधी स्पार्क प्लग काढायचे, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडायचं, दोन-तीन दिवस मुरू द्यायचं. मग पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. फिरलं तर अर्धा गड सर झाला.

बी-१०१ : माझी तीस वर्षं वर्कशॉपमध्ये गेली आहेत, त्यात भर घालतो. आधी एअर फिल्टर उघडा. उंदरांचं घर हमखास तिथे असतं. वायरी कुरतडल्यात का ते टॉर्च लावून बघा, नाहीतर बॅटरी जोडताच धूर निघेल. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा, सात वर्षांत त्याचा डिंक झाला असेल. आणि इंजिन सुरू झालं म्हणून हुरळून गाडी हलवू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात, रबरी सील कडक होतात. पेडल दाबल्यावर घट्ट लागेल आणि दुसऱ्याच दाबाला खाली जाईल. ब्रेक उघडल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही.

बी-३०४ : काका, हे फार महत्त्वाचं बोललात. माझ्या यादीत ब्रेक शेवटी होते, आता पहिले. टायरही बदलावेच लागतील, नक्षी कितीही चांगली दिसली तरी. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१५ असेल तर तो २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. हे सगळ्यांनीच आज आपापल्या गाडीला बघा, स्टेपनीलासुद्धा.

ए-१०२ : बघून आलो. माझी स्टेपनी ११ वर्षांची निघाली. उद्याच बदलतो.

डी-२०१ : रंग द्यायला लागेल का? उजव्या दारावर एक ओरखडा आहे, आमच्या मुलीच्या सायकलचा.

बी-३०४ : अजिबात नाही काकू. तो ओरखडा राहू दे.

डी-२०१ : बरं. किल्ल्या मिळाल्या, ह्यांच्या कपाटातच होत्या. गिअर स्टिअरिंगपाशी आहे एवढं मला पक्कं आठवतं, ह्यांनी मला तिच्यावरच शिकवलं होतं. पहिल्या गिअरला दांडी आधी स्वतःकडे ओढायची.

बी-१०१ : रविवारी मी येतो. प्लग पाना, टॉर्च आणि पेट्रोल काढायला नळी माझ्याकडे आहे.

बी-३०४ : मी ऑइल आणि जॅक आणतो. आठ वाजता चालेल ना काकू?

डी-२०१ : चालेल. फक्त एक, कव्हरच्या दोऱ्यांना ह्यांनी मारलेल्या गाठी आहेत. कापू नका, मी सोडते.